आग्रहाचं ताट

गल्लीत बोलतात, अनसूयाबाईनं वैऱ्यालाही जेवू घातलं, केवढं मोठं मन! मी ऐकून घेते. कशाला कुणाचा गैरसमज मोडा? पण तुम्हाला खरं सांगते. मन माझं मोठंबिठं काही नाही. किल्लेदार साहेबांना मी पोटभर जेवू घातलं ते त्यांच्यावर सूड उगवायला. तिसरी भाकरी त्यांच्या ताटात टाकताना मला जे सुख झालं, तसं लग्नाच्या दिवशीसुद्धा झालं नव्हतं.

आम्ही सोलापूरच्या पूर्वभागातली, घरात तेलुगू बोलणारी पद्मशाली माणसं. पुरुष मागावर, बायका विड्यांवर, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. आधी माग आपोआप चालायला लागले. चाळीस माणसांच्या शेडला एक कुलूप आणि एक कॅमेरा पुरायला लागला. मग विडीवर बंदी आली. बंदी चांगलीच हो, तंबाखू छाती पोखरतो हे मला कुणी शिकवायला नको. पण बंदीनंतर आमच्या चुलीवर काय शिजणार, हे कुणी ठरवलंच नव्हतं. मोर्चे निघाले, दगड पडले, तेव्हा सरकारनं निर्वाहवृत्ती काढली. ज्याला काम नाही त्याला जगण्यापुरतं द्यायचं. आता जगण्यापुरतं म्हणजे किती? तिथं डॉक्टर पराग किल्लेदार आले.

साहेब पुण्याचे, परदेशात शिकून आलेले, पन्नाशीतले, बोलायला गोड. त्यांच्या कंपनीनं मनगटावर बांधायचं यंत्र काढलं होतं. सरकारी नाव तृप्तीमापक. गल्लीनं पहिल्याच दिवशी त्याला पट्टा म्हटलं. पट्टा कुणाला बांधतात ते सगळ्यांना माहीत आहे.

पट्टा चालतो कसा, ते मला साहेबांनीच समजावलंय, तसंच सांगते. पोट रिकामं झालं की जठरातून एक रस रक्तात सुटतो. त्याला घ्रेलिन म्हणतात. तो मेंदूला सांगतो, खायला घाल. जेवण पोटात गेलं की तो ओसरतो आणि आतड्यांतून दुसरे रस सुटतात, ते सांगतात, थांब आता. पट्ट्याच्या आतल्या अंगाला डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात. कातडीखालच्या पाण्यातून त्या हे रस दिवसभर मोजत बसतात. पण प्रत्येकाचं शरीर वेगळं, म्हणून कुणाचं पोट कुठं भरतं ते पट्ट्याला एकदा शिकवावं लागतं. माणसाला पट्टा बांधायचा, समोर ताट ठेवायचं, आणि त्यानं तोंडानं ‘पुरे’ म्हटलं की त्या क्षणी रक्तात जे काही असेल ते पट्ट्यात पक्कं करायचं. हा त्या माणसाचा तृप्तीबिंदू. पुढं गल्लीच्या कोपऱ्यावरचं वाटपयंत्र त्या बिंदूला पोचण्यापुरतं पीठ, डाळ, तेल देणार. बिंदू गाठला की पट्ट्यावर हिरवा दिवा. समजावणी ऐकून मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या, माझी मेलीची अक्कल!

मोजणीची पंगत समाजाच्या हॉलमध्ये झाली. पुरी-भाजी, मसालेभात, लाडू. माझी धाकटी बहीण राजेश्वरी, तिला आम्ही राजी म्हणायचो, ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. साहेब स्वतः येणार, मग असंच कसं जायचं? तिच्या शेजारी तिची लेक सुकन्या, नुकतं लग्न झालेली. राजीचा नवरा गेला तेव्हापासून मायलेकी माझ्याच घरात राहायच्या. सुकन्याचा नवरा काम शोधायला भिवंडीला गेलेला, अधूनमधून येऊन जायचा.

आता आमची पद्धत ऐका, कारण सगळं तिथंच बिघडलं. परक्याच्या पंगतीत बाईमाणसानं पोटभर जेवायचं नसतं. थोडं खायचं, वाढपी आला की ताटावर हात आडवा धरायचा आणि म्हणायचं, पुरे, पुरे. मग तो आग्रह करतो. आपण पुन्हा नको म्हणतो. तो आपला हात बाजूला सारून वाढतो, आणि मग आपण जेवतो. पहिलं ‘पुरे’ कधीच खरं नसतं. शेंबड्या पोरालासुद्धा हे कळतं. पण कंपनीचे वाढपी हातमोजे घातलेले, आणि त्यांना ताकीद होती, आग्रह करायचा नाही, मोजणी बिघडते.

राजीनं दीड पुरी खाल्ली. लाडू पदरात बांधला. वाढपी आला तसा हात आडवा धरून हसत म्हणाली, “पुरे, पुरे.” पट्टा टुंग्‌ वाजला. तिचा हात तसाच ताटावर, आग्रहाची वाट बघत, आणि वाढपी पुढच्या ताटाकडे गेलासुद्धा. आई करते ते बघून सुकन्यानंही तेच केलं. हॉलमधल्या निम्म्या बायकांनी तेच केलं.

मी मात्र जन्माची खादाड. मी सहा पुऱ्या खाल्ल्या. राजीनं मला चिमटा काढला, “अक्का, लोक बघतायत की!” मी म्हटलं, बघू देत. म्हणून आज हे सांगायला मी आहे.

राजीच्या वाट्याला यंत्रातून यायचं ते दिवसाला एका भाकरीचं पीठ आणि वाटीभर डाळ. मी म्हटलं, माझ्यातलं खा. एक दिवस पोटभर खाल्लं तिनं, तर पट्टा लाल होऊन कोकलायला लागला. बाहेरचं अन्न! म्हणजे हिला दुसरीकडून काही मिळतंय, म्हणजे हिला गरज नाही. पंधरा दिवस वृत्ती बंद. त्यानंतर राजी माझ्या ताटाकडे बघायचीसुद्धा नाही. एका चुलीपुढं दोघी बहिणी बसायचो. मी जेवायची आणि ती भिंतीकडे तोंड करायची. घास कसा उतरायचा ते माझं मला ठाऊक.

आणि नुसतं अन्न म्हणजे जगणं का हो? साबण, डोकेदुखीची गोळी, चष्मा, महिन्याचं कापड, चपला, हे कुठल्याच रसात दिसत नाही, म्हणून ते गरजेत धरलंच नव्हतं. बायका तेल विकून साबण आणायच्या. राजीचा चष्मा फुटला तो फुटलाच. ती आंधळ्यासारखी चाचपडत तांदूळ निवडायची आणि खडे दाताखाली आले की मीच तिच्यावर करवादायची.

तिला हिवाळ्यात ताप भरला तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तबस्सुमबाईंनी तिचं मनगट हातात घेतलं आणि पट्ट्यातला आलेख काढून वाचला. मग मला बाहेर नेऊन म्हणाल्या, “ह्यांनी पुरे म्हटलं तेव्हा रक्तातली भूक ओरडतच होती. पट्ट्यानं त्या ओरडण्यालाच तृप्ती समजून लिहून ठेवलंय. वर शरीराला कमीच मिळायला लागलं की ते काटकसर करतं. अंग गार पडतं, नाडी मंद होते, मांस झिजवून भागवलं जातं. मग तेवढ्याच बिंदूला पोचायला आणखी कमी पीठ लागतं, आणि यंत्र ते कमी करत जातं.”

“मग उपाय काय?”

“बिंदू बदलायला हवा. औषधाला अंगात धरायला जागा तरी पाहिजे ना.”

तिसऱ्या दिवशी न्यूमोनियानं राजी गेली. आंघोळ घालताना मी तिचा हात उचलला, तर मनगटावर हिरवा दिवा. मेलेली माझी बहीण पट्ट्याच्या हिशेबानं पोटभर जेवलेली होती. मी त्या दिव्यावर माती फासली आणि मग तिला नेलं.

रडायला सवड नव्हती, कारण सुकन्याला पाचवा महिना चालू होता आणि तिचा बिंदू आईच्या बरोबरीचा. तबस्सुमबाईंनी स्पष्ट सांगितलं, गर्भ वाढत नाहीये, बिंदू बदलला नाही तर सातव्याच्या पुढं जाणार नाही. मी सुकन्याला घेऊन वृत्ती कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं चहा पिता पिता सांगितलं, “बिंदू सीलबंद असतो बाई. बदलताच येत नाही. किल्लेदार सरांनी कोर्टात तसं लिहून दिलंय. ते स्वतः आले तरी बदलू शकणार नाहीत.”

“आणि हिचं पोर?”

“नियम सगळ्यांना सारखा आहे.”

जळ्ळा मेला तुझा नियम, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं. शिपायानं आम्हाला बाहेर काढलं.

नेमकं त्याच सुमारास साहेबांचं डोकं फिरलं म्हणा, नाहीतर राजीनं वरून काही केलं म्हणा. पट्टा सगळ्या राज्याला बांधायचं कंत्राट निघणार होतं आणि विरोधक बोंबलत होते. साहेबांनी टीव्हीवर जाहीर केलं, “मी स्वतः तीन आठवडे पट्टा बांधून, लाभार्थ्याच्या घरात राहून दाखवतो. माझा आलेख लोकांना चोवीस तास बघता येईल, आणि त्याला माझी कंपनीही हात लावू शकणार नाही.”

कंपनीची माणसं घर शोधत गल्लीत आली. मी भिंती सारवून काढल्या, दारात रांगोळी घातली आणि कॅमेऱ्यापुढं म्हटलं, “साहेब म्हणजे देवमाणूस.” म्हणताना जीभ भाजल्यासारखी झाली. पण घर माझं निवडलं गेलं.

सुकन्या भडकली. “पेद्दम्मा, ज्यानं माझ्या आईला मारलं त्याला तू घरात घेतेस?” आमच्यात थोरल्या मावशीला पेद्दम्मा म्हणतात.

“घरात घेतल्याशिवाय हाताला लागतो व्हय?” मी म्हटलं.

साहेबांची मोजणी माझ्याच घरात झाली. दारात कॅमेरे, खिडकीत कॅमेरे, अख्खी गल्ली गोळा. मी गरम भाकरी केली, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, वर हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. कंपनीनंच सामान दिलं होतं, मी हात आखडला नाही. साहेब सकाळपासून कॅमेऱ्यांपुढं बोलत उपाशीच आले होते, नजर भाकरीवरून हलत नव्हती. पण गरिबाच्या घरी कमी खावं ही त्यांची रीत, तीही कॅमेऱ्यापुढं. अर्धी भाकरी खाल्ली, चमचाभर हुग्गी घेतली, “वा, वा!” म्हणाले. मी वाढायला वाकले तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. “पुरे, पुरे, अनसूयाबाई!”

आणि हात तसाच धरून थांबले. तोंडावर हसू. वाट बघत होते हो ते! पुण्याचे झाले म्हणून काय, तेही आईच्या हातचा आग्रह खाऊनच मोठे झालेले. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि पळी खाली ठेवली.

टुंग्‌.

त्यांच्यासोबतची सहायक पोरगी, ईशा, तिचा चेहरा उतरला. ती कानाशी लागून म्हणाली, “सर, परत घ्यायची का मोजणी?” पण सगळं थेट दिसत होतं, आणि दुसऱ्यांदा मोजणी नाही हा त्यांचाच नियम. साहेब हसले. “तृप्त आहे मी,” कॅमेऱ्याला म्हणाले.

पहिले दोन दिवस त्यांनी रोज कॅमेऱ्यापुढं भाषण दिलं. हलकं वाटतंय, बुद्धी तल्लख झालीय, वगैरे. तिसऱ्या दिवशी भाषण छोटं झालं. आठवडा सरेपर्यंत ते दुपारचे पडून राहायला लागले, आणि कॅमेरेवाल्यांना कोपऱ्यावर बसायला सांगितलं. यंत्रातून त्यांच्या वाट्याचं पीठ आलं की मी त्यांना भाकरी करून द्यायची, एकच. कडा करपली तरी ते टाकत नव्हते. बोट ओलं करून ताटातले कण टिपायचे.

मला विचाराल तर ते दिवस माझे सणाचे होते. माझ्या वाट्याचे शेंगदाणे मी मुद्दाम ते झोपलेले असताना भाजायची. लसणाची फोडणी अशी तडतडवायची की बाजेवर त्यांची कूस बदललीच पाहिजे. एकदा म्हणाले, “अनसूयाबाई, जरा दार लोटून घेता का? वास येतो.”

“धूर कोंडतो साहेब,” मी म्हटलं आणि आणखी दोन पाकळ्या ठेचल्या.

सुकन्याला हे बघवेना. एक दिवस परातीवरून माझा हात धरून म्हणाली, “तुला माझं बाळ वाचवायचंय, का ह्याचा जीव घ्यायचाय?”

“दोन्ही.”

“आईला हे आवडलं नसतं.”

“तुझ्या आईला भिडस्तपणानं मारलं,” मी म्हटलं. “मला नको शिकवू तो.” ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मला वाईट वाटलं, पण लसूण ठेचायचा मी थांबवला नाही.

मग ती दुपार आली. साहेब भिंतीला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, ओठ पांढरे. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “हे मला दिसलं होतं.”

“काय दिसलं होतं?”

“त्या पंगतीतले आलेख. तोंड पुरे म्हणत होतं आणि घ्रेलिन वरच होतं. शेकडो बायकांचं. आम्हाला वाटलं, सुया चुकतायत. मग लक्षात आलं, सुया बरोबर आहेत.”

माझे हात पिठातच थांबले. “मग?”

“समितीत चर्चा झाली. माणसाच्या शब्दाला मान द्यावा असं ठरलं.” मग खाली बघत म्हणाले, “त्या आकड्यावर योजना बसत होती. खऱ्या आकड्यावर बसली नसती.”

चुलीवर डाळ रटरटत होती. ते पातेलं उचलून ह्यांच्या डोक्यावर ओतावं असं इतकं मनात आलं, की मी दोन्ही हात परातीत दाबून धरले. माझ्या राजीचा शब्द! तिच्या मर्यादेचा, तिच्या लाजेचा ह्यांनी फायदा घेतला, आणि त्याला मान म्हणाले.

“तिचं नाव राजेश्वरी होतं,” मी म्हटलं.

त्यांना नाव आठवलं नाही. शेकडो होत्या ना. ते सुकन्याच्या पोटाकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. “अनसूयाबाई, हिचा बिंदू मी वाढवतो. आत्ता, फोनवरून होतं. फक्त आज मला थोडं जास्त वाढा. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या तर पट्टा काही बोलत नाही, तेवढी सूट मीच ठेवलीय त्यात, लोकांना सांगितली नव्हती. कुणाला कळणार नाही.”

“बिंदू बदलता येत नाही ना? कोर्टात लिहून दिलंय ना तुम्ही?”

 साहेबांनी फोन काढला आणि काहीतरी दाबलं. सुकन्याच्या मनगटावर टुंग्‌ वाजलं. ती उठली, भिंत धरत कोपऱ्यावर गेली आणि परत आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. पीठ, डाळ, तेल, वर गुळाचा खडासुद्धा. तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, मला बघवेना.

“झालं पेद्दम्मा,” ती कुजबुजली. “आपलं काम झालं. ह्यांना दोन भाकऱ्या दे आणि सोड आता. बास.”

ती बरोबर म्हणत होती. बाळ वाचणार होतं. गल्लीत अजून दोनशे पट्टे होते, त्यांच्यासाठी मी पुढचं केलं असं लोक सांगतात. खोटं आहे ते. त्या क्षणी मला दोनशे पट्टे आठवले नाहीत. मला फक्त राजीचा ताटावर आडवा धरलेला हात दिसत होता.

“बसा साहेब,” मी म्हटलं. “पाट घ्या.”

शेजारच्या नरसम्माला मी भिंतीवरून हाक मारली, साहेब जेवतायत म्हणून सांगितलं. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिचा दीर पट्ट्यातच गेला होता. साहेबांची दुसरी भाकरी संपेपर्यंत बायका मागच्या दारानं यायला लागल्या. कुणी वाटीभर भाजी आणली, कुणी दह्याचा कवडा, कुणी लेकराच्या वाट्याचा भात. स्वतःच्या तोंडचं काढून आणत होत्या, आणि एकीच्याही तोंडावर दया नव्हती.

दोन भाकऱ्या संपल्या आणि साहेबांनी ताटावर हात धरला. “पुरे.”

“असं कसं साहेब!” मी त्यांचा हात बाजूला सारला. “गरिबाघरचं गोड मानून घ्या.”

“नको, खरंच नको. पट्टा...”

“एवढीच. माझी शपथ आहे.” आणि तिसरी भाकरी वाढली, गरम, वर तुपाची धार सोडून. तूप नरसम्माचं.

त्यांनी भाकरीकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं. पोटातले रस वर यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हे ह्यांनीच मला समजावलेलं. पट्टा अजून गप्प होता. भुकेल्याला तेवढं निमित्त पुरतं. तिसरी खाल्ली. चौथीला त्यांनी हात आडवा धरला नाही. पाचवीला डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड चालूच होतं. “घ्या साहेब, लाजू नका. भात घ्या. ह्यांची भाजी राहिली, त्यांना वाईट वाटेल.” आम्ही सहा-सात जणी भोवती उभ्या राहून वाढत होतो. असा आग्रह मी जावयालाही केला नसता.

मग पट्टा लाल झाला आणि कोकलायला लागला. कोपऱ्यावरचे कॅमेरेवाले आलेख बघतच होते, ते धावत आले. साहेब ताटावर बसलेले, हात भातात, बोटांतून कालवण गळतंय.

“सर, बाहेरचं अन्न?” एका पोरीनं माईक पुढं केला. “तुमच्याच नियमानं तुम्हाला गरज नाही, असं म्हणायचं का?”

“मला भूक लागली होती!” साहेब ओरडले. घशात घास होता तरी ओरडले. “बिंदू चुकीचा आहे. पहिल्यापासून चुकीचा आहे. माझाही, ह्या सगळ्यांचाही. आम्हाला माहीत होतं!”

सुकन्यानं आपलं मनगट पुढं केलं आणि शांतपणे सांगितलं, तासाभरापूर्वी माझा बिंदू ह्यांनी फोनवरून बदललाय, तपासून घ्या. पोरगी शहाणी आहे, माझ्यासारखी नाही.

पुढचं तुम्ही बातम्यांत बघितलंच असेल. दुसऱ्या दिवशी सकाळीच पट्ट्याला स्थगिती आली. सगळ्यांची मोजणी नव्यानं होणार, ती रक्तावरून होणार, आणि तोवर सगळ्यांना पूर्ण शिधा. कंत्राट गेलं. कोर्टात खोटं लिहून दिल्याची तक्रार झाली. गल्लीत हलगी वाजली.

साहेब मात्र कोपऱ्यात बसून होते. ईशा पट्टा काढायची पेटी घेऊन आली. काढायचा नियमही त्यांचाच. गरीब माणूस पट्टा काढून दुसऱ्याला विकेल म्हणून त्यांनी तो केला होता. ज्या घरात माणूस राहतो, त्या घराच्या कुटुंबप्रमुखाचा अंगठा पेटीवर लागल्याशिवाय पट्टा सुटत नाही. कापला तर तुरुंग. आणि पट्टा लाल असेपर्यंत परवान्याच्या कुठल्याही दुकानात, हॉटेलात काही विकत मिळत नाही. दारातलं यंत्रच ओरडतं.

“अनसूयाबाई,” साहेब हात पुढं करून म्हणाले, “तुमचं सगळं झालं ना मनासारखं? आता एवढं करा. घरी जाऊ द्या मला.”

मी पेटीवर अंगठा ठेवला. पेटी म्हणाली, ठसा जुळत नाही. पुसून ठेवला. जुळत नाही. ईशानं माझा हात ओढून घेतला आणि उजेडात धरला. चाळीस वर्षं मी विड्या वळल्यात. पानावर अंगठा फिरवून फिरवून रेघा गेल्या, नुसती गुळगुळीत कातडी राहिलीय. इथल्या कुठल्याही जुन्या विडीवालीचा अंगठा बघा.

“दुसरा मार्ग?” साहेबांनी ईशाला विचारलं.

“मंत्रालयातून विशेष परवानगी. पण योजनाच स्थगित आहे सर, सही करायला कुणी नाही.” ती त्यांच्याकडे न बघताच बोलत होती.

साहेबांनी माझा अंगठा स्वतःच्या बोटांनी चाचपून बघितला. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“माहीत होतं की साहेब,” मी म्हटलं. “राजीचा पट्टा काढायलाही माझा अंगठा जुळला नव्हता, ती पट्ट्यासकटच गेली. सुकन्याचा अंगठा धड आहे. तुम्ही राहायला आलात तेव्हा तुमच्या माणसांनी, ती शिकलेली म्हणून, कुटुंबप्रमुखाच्या जागी तिचंच नाव घातलं होतं. मी हट्ट करून ते खोडायला लावलं आणि माझं घातलं.”